अर्ध्या घराची किंमत

माझी आत्या आयुष्यभर दुसऱ्यांची अंथरुणं सांभाळत आली. मोठ्या सरकारी इस्पितळात कपड्यांच्या खोलीची ती प्रमुख होती. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, सगळं धुलाईतून आलं की आधी तिच्या हाताखालून जायचं आणि मग वॉर्डात. फाटलेलं बाजूला, डाग न गेलेलं परत. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या होत्या. संध्याकाळी घरी आली की जिने चढताना प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबायची आणि म्हणायची, "आलेच." कोणाला म्हणायची, देव जाणे. वर तिसऱ्या मजल्यावर आतोबांना ते ऐकू जायचं, आणि ते दाराकडे तोंड करून बसायचे.

आतोबा, म्हणजे तिचा नवरा, बसच्या डेपोत मिस्त्री होते. निवृत्त झाले आणि वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं होतं ते हळूहळू परत आलं, थोडं जाड होऊन. थट्टा करायची सवय मात्र जशीच्या तशी परत आली. "एखादी बस एवढी बिघडली असती तर डेपोत बाजूलाच काढून ठेवली असती," असं वाचा गेली होती त्या दिवसांबद्दल ते म्हणायचे.

इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टसाठी ठेवलेल्या जागेत लोकांच्या सायकली आणि फुटक्या बादल्या होत्या. डॉक्टरांकडे जायचा दिवस आला की चौघांनी आतोबांना लाकडी खुर्चीत बांधून खाली उतरवायचं. तळमजल्यावरचा शिंपी, समोरचे दोघे भाऊ आणि असले तर माझे वडील. एकदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली. शिंप्यानं सगळा भार स्वतःच्या पाठीवर घेतला. आतोबांना खरचटलंसुद्धा नाही, पण शिंप्याच्या कमरेत जी उसण भरली ती पुढे कितीतरी दिवस गेली नाही. तो पट्टा बांधून शिवायला बसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "वय झालं." आतोबांचं नाव घेत नव्हता.

आतोबांना ते कळलं. त्यांनी आत्याला सांगितलं, "आता मला खाली न्यायचं ते एकदाच. तेव्हा तुम्ही न्यालच."

"काहीतरी अभद्र बोलू नका."

"अभद्र नाही, हिशेबाचं बोलतोय. एका माणसाच्या औषधासाठी चार माणसं आजारी पाडायची का?"

त्या महिन्यात ते डॉक्टरांकडे गेले नाहीत. पुढच्याही नाही. खिडकीपाशी खुर्ची ओढून घ्यायचे आणि खालचा रस्ता बघत बसायचे. आत्या काही बोलली नाही, पण मी तिची भाची, मला तिची गप्प बसायची तऱ्हा माहीत होती. ती गप्प झाली की काहीतरी करणार असायची.

शहराच्या कडेला तिचा जमिनीचा एक तुकडा होता. इस्पितळातल्या लोकांनी मिळून फार पूर्वी घेतलेली जमीन. तिथे घर बांधावं म्हणून तिनं एका कंत्राटदाराला विचारलं. तो म्हणाला, वर्ष तर लागेलच, आणि जागेवर रोज घरचं कोणीतरी उभं हवं. आत्या म्हणाली, "उभं राहायला माझ्याकडे पाय एकच जोडी आहे, आणि ती इस्पितळात असते." तो विषय तिथेच संपला.

मग एकदा मला बरोबर घेऊन तिनं घरांचं एक प्रदर्शन पाहिलं. मैदानात मांडव होता आणि मांडवात एक आख्खं घर. कारखान्यात तयार झालेलं. पोलादी सांगाडा, आत भिंती, वायरी, नळ, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघरात फरशीसुद्धा बसवलेली. असे दोन मोठे खोके ट्रकवरून आणायचे, क्रेननं पायावर ठेवायचे, एकमेकांना जोडायचे, झालं घर. दाराला उंबरा नव्हता. आत्या दारातून आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. टाय लावलेला एक तरुण विक्रेता तिच्या मागेमागे होता. त्याचं नाव आमच्या घरात कायमचं 'टायवाला' पडलं.

"किती दिवसांत?" आत्यानं विचारलं.

"पाया तयार असला तर, मावशी, सकाळी गाडी येते, संध्याकाळी तुम्ही दिवा लावता."

"आणि किंमत?"

त्यानं पाटीकडे बोट केलं. आत्यानं पाटी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर विकून जे आलं असतं त्यात ती किंमत बसत होती, वर थोडं उरतही होतं. तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड मला आजही आठवतो. घरी जाताना ती जिन्यात कुठेच थांबली नाही.

टायवाला खोटं बोलला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पुढे आमच्या नातेवाइकांनी त्याच्या नावानं पुष्कळ बोटं मोडली. पण पाटीवर लिहिलं होतं तेवढंच तो म्हणाला, आणि पाटीवर जे लिहिलं नव्हतं ते आम्ही विचारलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या घराला गिऱ्हाईक लगेच मिळालं. आत्यानं इसार घेतला, घर रिकामं करायची तारीख कबूल केली आणि कारखान्याला आगाऊ रक्कम भरली. मग एकेक माणूस येऊ लागला.

पहिला आला माती तपासणारा. त्यानं जागेत तीन ठिकाणी भोकं पाडली, नळकांड्यातून माती काढली, बोटांत चुरली आणि म्हणाला, "ही जमीन भरावाची आहे. खाली कधीतरी खड्डा होता. साधा पाया चालणार नाही, खोल जावं लागेल."

"खोल म्हणजे?"

"पक्की जमीन लागेपर्यंत."

पक्की जमीन बरीच खाली लागली. पाया करणाऱ्यानं सांगितलेला आकडा ऐकून आत्यानं त्याला परत सांगायला लावलं. पाटीवरच्या किमतीचा जवळजवळ पाचवा हिस्सा जमिनीत जाणार होता, जिथे तो कोणाला कधी दिसणारही नव्हता.

मग वीज कंपनीचा माणूस. खांब दूर होता, तिथपर्यंत वायर ओढायची होती. मग सांडपाण्याची टाकी, कारण त्या बाजूला गटार पोचलं नव्हतं. मग पाणी. आणि शेवटी क्रेनवाला आला. तो जाडजूड, हसतमुख माणूस होता. जागेवर उभा राहून त्यानं वर बघितलं, तिथे विजेच्या तारा होत्या. मग मागे मागे चालत गेला, पार रस्त्याच्या पलीकडे.

"मला इथे उभं राहावं लागेल," तो तिथून ओरडला. "तारांच्या जवळ जाता येत नाही."

"मग राहा ना," आत्या ओरडली.

तो परत आला आणि समजावून सांगायला लागला. "ताई, असं बघा. भरलेली बादली छातीशी धरली तर कोणीही धरतो. तीच हात लांब करून धरा बरं. क्रेनचं तसंच आहे. जेवढं लांबून ठेवायचं तेवढी क्रेन मोठी. मोठी क्रेन या गावात नाही, बाहेरून येणार. तिचं भाडं ती निघाल्यापासून चालू, पोचल्यापासून नाही."

आत्या हसली. मला वाटलं, ती रडायच्या ऐवजी हसते आहे. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि आमचा थांबा गेला तरी मी तिला उठवलं नाही. पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही मागे चालत आलो. ती म्हणाली, "मला वाटलं घर विकत घ्यायचं म्हणजे चादर विकत घ्यायची. इथे तर पलंग वेगळा, गादी वेगळी, आणि चादर आणून देणारा वेगळा."

हातातले पैसे पुरणार नाहीत हे उघड झालं. माझ्या वडिलांनी मदत देऊ केली, पण त्यांचीच ओढाताण होती. आत्यानं ती घेतली नाही. कर्ज काढायचं तर निवृत्ती तोंडावर आलेली, बँकेनं नकार दिला. इसार परत करावा तर त्यातला बराचसा पायात गेला होता. मागे जायलाही रस्ता नाही आणि पुढेही नाही अशी गत झाली.

मग एके दिवशी तिनं रजा काढली आणि मला घेऊन कारखान्यात गेली. शहरापासून लांब, मोठी पत्र्याची शेड. आत एका रांगेत घरं उभी, कोणाला भिंती लागल्यात, कोणाचा नुसता सांगाडा. एखाद्या कापडगिरणीसारखा आवाज. तिथल्या इंजिनीअर बाई आम्हाला काचेच्या खोलीत घेऊन गेल्या. पस्तिशीच्या असतील, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर अर्धवट राहिलेला डबा.

आत्यानं आवाज न चढवता विचारलं, "तुमच्या पाटीवरच्या किमतीत काय काय येतं, ते मला नीट सांगा. मी भांडायला आलेली नाही. मला समजून घ्यायचंय."

बाईंनी डबा बाजूला सारला. "ती किंमत आमच्या दारातली आहे. घर या दारातून बाहेर पडेपर्यंतची. पुढचं सगळं जागेवर अवलंबून असतं, आणि जागा आम्ही बघितलेली नसते. सपाट कठीण जमीन, रुंद रस्ता, दारात वीज-पाणी असेल तर वर थोडंच लागतं. तुमच्यासारखी जागा असली तर आमच्या किमतीच्या वर निम्मी रक्कम धरून चालायची."

"हे प्रदर्शनात का नाही सांगत?"

"मी तिथे नसते," त्या म्हणाल्या. "असते तर सांगितलं असतं का, ते मलाही माहीत नाही."

आत्याला ते उत्तर आवडलं असावं. ती पुढे झुकली. "मग मला एक सांगा. अर्धं घर मिळतं का?"

मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी नकाशा उघडला. एका खोक्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एक खोली होती. दुसऱ्यात मोठी खोली आणि झोपायची खोली. "पहिलं तेवढं देता येईल," त्या म्हणाल्या. "जोडायची बाजू तात्पुरत्या भिंतीनं बंद करू. पाया दोन्हीचा झालाच आहे. दुसरं पुढे, जमेल तेव्हा. पण क्रेन परत आणावी लागेल, म्हणजे तो खर्च दोनदा. आणि किमती वाढत जातात."

"वाढू देत," आत्या म्हणाली. "मीपण काम करतेच आहे."

घरी येऊन तिनं आतोबांना सांगितलं. त्यांनी खिडकीतून तोंड तिच्याकडे वळवलं.

"म्हणजे मी अर्धा आणि घरपण अर्धं," ते म्हणाले. "जोडा छान जमला."

"चेष्टा पुरे. चालेल ना?"

"तुला चालणार आहे का? माझ्यासाठी म्हणून करत असलीस तर करू नकोस. मी वरती काही वाईट नाही."

"वाईट नाही?" आत्याचा आवाज तेवढ्यापुरता फुटला. "औषध बंद केलंत. तपासायला जात नाही. मी रोज जिना चढताना कान लावते, खोकलात तर बरं वाटतं. मला नाही चालत हे वरती. माझ्यासाठी करतेय मी."

मी चहा टाकला.

घर यायचा दिवस आला. मोठी क्रेन पहाटेच येऊन रस्त्यापलीकडे पाय रोवून उभी होती. आतोबांना चौघांनी शेवटचं खाली आणलं. शिंपी पट्टा बांधूनच आला होता, नको म्हटलं तरी ऐकेना. माझ्या वडिलांच्या मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर आतोबांना बसवून आम्ही जागेवर गेलो. ट्रक आला, त्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आमचं अर्धं घर. दिसायला एवढं मोठं की आत्यानं तोंडावर हात धरला. आणि गल्लीच्या वळणावर ट्रक अडला.

वळण अगदी थोडक्यात चुकत होतं. कोपऱ्यावरच्या बैठ्या घराचं कुंपण आड येत होतं, विटांची कमरेएवढी भिंत. ड्रायव्हरनं पुढे घेतला, मागे घेतला, परत पुढे. भिंत काही हलेना. त्या घराचे मालक बाहेर आले. गोरेपान, ताठ, हातात पाण्याची झारी. वस्तीत त्यांना सगळे बापू म्हणायचे, हे नंतर कळलं. एकटेच राहायचे.

"भिंतीला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

ड्रायव्हर, क्रेनवाला, माझे वडील, सगळे एकदम बोलायला लागले. कोणी विनवतं, कोणी कायदा सांगतं. बापू जेवढं ऐकत होते तेवढे ताठ होत होते. तिकडे क्रेनचं भाडं चाललं होतं. आत्या या कोणात नव्हती. ती रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसली होती, चपला काढून. बापू शेवटी तिच्याकडेच गेले.

"घर तुमचं का?"

"हो."

"मग तुम्ही काहीच कसं म्हणत नाही?"

"काय म्हणू?" आत्या म्हणाली. "भिंत तुमची आहे. मी आधी येऊन बघायला हवं होतं, नाही बघितलं. माती बघितली, तारा बघितल्या, वळण राहिलं. आता थोडा वेळ बसू द्या मला इथे. मग बघते काय करायचं ते."

बापूंनी झारी खाली ठेवली. मग त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. आतोबांनी काच खाली करून डावा हात बाहेर काढला होता आणि ट्रकच्या ड्रायव्हरला खुणा करत होते, चाक कुठे वळवायचं ते. डेपोतली सवय.

"ते कोण?"

"मालक," आत्या म्हणाली. "तीन मजले उतरून आलेत."

बापू आत गेले. आम्हाला वाटलं, दार लावून घेतील. ते छिन्नी आणि हातोडी घेऊन आले आणि माझ्या वडिलांच्या हातात दिली. "फोडायची नाही. वरून एकेक वीट काढायची. आणि परत बांधताना कोपरा तिरका घ्यायचा. दर आठवड्याला कोणीतरी घासून जातंच. खर्च तुमचा."

"खर्च माझाच," आत्या म्हणाली. तोपर्यंत तिला हे वाक्य पाठ झालं होतं.

विटा काढेपर्यंत दुपार झाली. मग ट्रक वळला आणि घर तारांच्या पलीकडून हळूहळू, हवेत किंचित गोल फिरत, पायावर येऊन बसलं. आवाजसुद्धा झाला नाही. आत्या ते बघत नव्हती. ती गाडीपाशी जाऊन आतोबांच्या पायात मोजे घालत होती.

पहिले काही महिने चांगले गेले. खोली एकच, पण दाराला पायरी नव्हती, लहानसा उतार होता. आतोबा चाकाची खुर्ची डाव्या हातानं आणि डाव्या पायानं ढकलत दाराबाहेर जायला शिकले. पहिल्यांदा गेले तेव्हा आत्या मोरीत होती. बाहेर येऊन बघते तर खोलीत कोणी नाही. ती धावत गेली, तर हे उतारावर उन्हात बसलेले. "फिरायला आलोय," ते म्हणाले. औषधं सुरू झाली. डॉक्टरांकडे जायला आता एक माणूस पुरत होता.

पण आत्या निवृत्त झाली नाही. म्हणजे सरकारी कागदावर झाली, आणि दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका खाजगी इस्पितळात तेच काम कमी पगारावर धरलं. दुसऱ्या अर्ध्या घरासाठी. जाताना दोन बस, येताना दोन बस. पूर्वी आत्या दुपारच्या सुट्टीत धावत घरी येऊन जायची, ते आता शक्य नव्हतं. सकाळी अंधार असताना जेवण करून ठेवायची, आणि दिवे लागल्यावर परत यायची. घराच्या शेजारी दुसऱ्या खोक्यासाठी केलेला पाया तसाच उघडा होता. त्यातून बोल्ट वर आलेले. त्यांना गंज चढू नये म्हणून ती दर सुट्टीला ग्रीस लावायची.

मी भेटायला जायची तेव्हा मला आतोबा वेगळे दिसायला लागले. थट्टा कमी झाली होती. एका रविवारी आत्या पायावर बोल्टना ग्रीस लावत होती आणि मी आत त्यांना चहा देत होते. मी म्हटलं, "आता बरं आहे ना, आतोबा? जिन्याची कटकट गेली."

"गेली," ते म्हणाले. मग कप हातात घेऊन, "वरती खिडकीतून माणसं तरी दिसायची. शिंप्याचं मशीन ऐकू यायचं. समोरच्या पोरांची भांडणं. इथे दिवसभर कोणी नाही. दारातून बाहेर जातो आणि परत येतो. बाहेर जाऊन करू काय? तुझ्या आत्याला नको सांगूस. आधीच मोडून गेलीय."

आत्या दारात उभी होती. तिच्या बोटांना ग्रीस होतं. तिनं ऐकलं होतं, ते तिच्याकडे न बघताही कळत होतं. ती आत आली नाही. परत जाऊन त्या उघड्या पायाच्या कडेला बसली. मी मागोमाग गेले.

"आत्या, ते तसं म्हणत नव्हते."

"तसंच म्हणत होते," ती म्हणाली. "खरंच आहे. मी त्यांना खाली आणलं आणि मी कुठे असते? बसमध्ये."

ती बराच वेळ तिथे बसली. रडली नाही. एकदा म्हणाली, "पाय फार दुखतात ग." मी तिच्या पोटऱ्या चेपायला लागले, तर तिनं पाय ओढून घेतले नाहीत. एरवी घेतले असते.

पुढच्या आठवड्यात तिनं नोकरी सोडली. इंजिनीअर बाईंना फोन केला तेव्हा मी शेजारीच होते.

"दुसरं अर्धं नको," आत्या म्हणाली.

"किमती अजून वाढणार आहेत, आत्ताच घेतलंत तर…"

"किंमत कळली मला. तुम्ही सांगता ती नाही, दुसरी. ते घर येईल तेव्हा त्यात राहायला कोणी उरायचं नाही. माझं आगाऊ भरलेलं जेवढं परत देता येईल तेवढं द्या."

बाईंनी नियमापेक्षा थोडं जास्तच परत दिलं असावं, मला तशी शंका आहे. त्या पैशातून आत्यानं घरापासून गल्लीच्या वळणापर्यंत खुर्ची जाईल एवढी फरसबंदी वाट करून घेतली, आणि दारापुढे सावलीला पत्रे घातले. बापूंची तिरकी भिंत त्या वाटेच्या टोकाला होती. भिंतीच्या या बाजूला आतोबांची खुर्ची आणि त्या बाजूला बापूंचं स्टूल, अशी सकाळची बैठक सुरू झाली. दोघांचं पटायचं असं नाही. बापूंना बस या प्रकाराचाच तिटकारा होता, आणि आतोबांनी उभं आयुष्य बसमध्ये घातलेलं. रोज वाद. आत्या दारातून ओरडायची, "गोळ्या घेतल्यात का?" आणि वादाच्या मधेच आतोबा खिसा चाचपायचे.

अशी चार वर्षं गेली. पैशाची ओढ होतीच. पेन्शनीत भागवताना आत्याच्या नाकी नऊ यायचे. खोलीत पलंग टाकला की चालायला जागा नसायची, आम्ही गेलो की कोणीतरी ओट्यावर टेकून जेवायचं. हिवाळ्यात तात्पुरत्या भिंतीच्या फटींतून वारा यायचा, तिथे आत्या जुन्या चादरींच्या घड्या कोंबायची. मग दुसरा झटका आला आणि आतोबा दोन दिवसांत गेले. शेवटची सकाळ बापूंशी भांडण्यातच गेली होती, असं बापूच सांगतात, आणि सांगताना चष्मा पुसतात.

आत्या अजून त्या अर्ध्या घरात राहते. माझ्याकडे ये म्हटलं, आली नाही. थकली आहे, दुपारी बऱ्याचदा झोपते. कारखान्याकडून अधूनमधून माणसं येतात, इंजिनीअर बाई पाठवतात. घर घ्यायच्या आधी राहणाऱ्या माणसाशी बोलून घ्या म्हणून. परवा मी होते तेव्हा एक जोडपं आलं होतं. नवरा भिंतीवर बोटांनी वाजवून बघत होता. बायको न्हाणीघरात जाऊन आली.

"एकूण किती पडलं हो तुम्हाला?" नवऱ्यानं विचारलं.

आत्यानं त्याला बसवलं आणि सांगायला लागली. माती कोणी तपासली का? तारा कुठे आहेत? गटार आहे का? ट्रक जातो का ते ट्रकवाल्याला चालत आणून दाखवा, स्वतः बघू नका, तुम्हाला कळणार नाही. पाटीवरच्या किमतीचे दोन भाग धरा, तेवढाच आणखी एक भाग बाजूला ठेवा, आणि मग विचार करा. ती हे सगळं इस्पितळात चादरी मोजताना बोलायची त्याच आवाजात सांगत होती, सपाट, न थांबता. ऐकता ऐकता नवऱ्याचं तोंड उतरलं.

बायकोनं हळूच विचारलं, "मग घेऊ नये का?"

"असं कुठे म्हटलं मी? घ्या की. आम्हाला उपयोग झाला." आत्या थांबली. "कोणासाठी घेताय?"

"सासूबाई. त्यांना दिसत नाही आता."

"दिवसा त्यांच्याजवळ कोण असेल?"

नवरा म्हणाला, "तो विचार अजून केला नाही."

"तो करा आधी," आत्या म्हणाली. "बाकीचं क्रेनवाला सांगेल."

ते गेल्यावर तिनं चपला काढल्या आणि पलंगावर आडवी झाली. मी कप विसळले. "खूप बोलले का ग मी?" तिनं डोळे मिटूनच विचारलं. नाही म्हणेपर्यंत ती झोपली होती.